मार्सेलिनाचं रडणं

अंधेरीच्या त्या कॉलेजात पोरींचं एक मंडळ आहे, सोनटक्का नावाचं. नाव फुलाचं असलं तरी सगळे त्याला नुसतं 'टक्का' म्हणतात, आणि टक्क्यात असणं म्हणजे काय, हे ज्या टक्क्यात नाहीत त्यांनाच जास्त चांगलं ठाऊक असतं. लेडीज कॉमन रूममधला पंख्याखालचा कोपरा टक्क्याचा. ट्रॅडिशनल डेला स्टेजवरचा माइक टक्क्याचा. आधीच्या बॅचच्या मुली कुणी जाहिरातीत, कुणी चॅनेलवर चिकटलेल्या, त्या काम निघालं की आधी आपल्या मंडळातल्या मुलींना फोन करणार. बाकीच्यांनी कॅन्टीनमध्ये कोपर मारून समोसा मिळवावा आणि घरी जावं.

फ्लेवियाने पहिलं वर्ष तसंच काढलं. मरोळकडच्या एका गावठाणात तिचं घर, कौलं जाऊन पत्रे आलेलं, दाराशी क्रूस आणि क्रूसाच्या डोक्यावरून धडधडत जाणारी मेट्रो. घरात ती आणि तिची आई मार्सेलिना, दोघीच. वडील, हर्बर्ट, ती बारावीत असताना गेले. कॉलेजात नाव ऐकून लोक तिला गोव्याची समजत, ती मराठी बोलली की चकित होत, आणि चकित होऊन झालं की आपापल्या वाटेने जात. आम्ही ईस्ट इंडियन, आम्ही इथलेच, तुमच्या बिल्डिंगा नव्हत्या तेव्हापासूनचे, हे सांगायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. वर्षभरात डबा उघडताना कुणी तिला 'ये गं इकडे' म्हटलं नव्हतं. बाप गेल्याचं दुःख तिने घरी ठेवलं होतं. कॉलेजात हे एकटेपण पुरे होतं.

तर दुसऱ्या वर्षाच्या जुलैत तिला मेसेज आला, 'चहाला ये.' पाठवणारी मधुवंती, तिसऱ्या वर्षाची, टक्क्याची. वर्गात फ्लेवियाला कुणा प्रोफेसरची नक्कल करताना तिने खिडकीतून पाहिलं होतं. नक्कल हे एकच नाणं फ्लेवियाकडे होतं, पण ते खणखणीत होतं. एकदा ऐकलेला माणूस तिच्या गळ्यात उतरून बसायचा. गावठाणातला पाववाला, चर्चमध्ये थाळी फिरवणारे अंकल, हेडमिस्ट्रेस, सगळे. रात्री जेवताना मार्सेलिना म्हणायची, "कर गो तो फादर," आणि फ्लेविया फादर झाली की मार्सेलिना ताटावर हात आपटून हसायची. हर्बर्ट गेल्यावर त्या घरात जे काही हसणं उरलं होतं ते एवढंच.

आता टक्क्यात शिरायचं म्हणजे नुसता चहा नव्हे. चहा ही पहिली पायरी. त्यात सगळ्या सीनियर समोर बसून तुला कोणती भाजी आवडत नाही, कुणावर जीव जडलाय, असलं काहीबाही विचारतात आणि तू कशी लाजतेस ते बघतात. मग पंधरवडाभर पाठराखीण व्हायचं. लग्नात नवरीबरोबर पाठराखीण जाते, तशी प्रत्येक नवी मुलगी एका सीनियरची पाठराखीण. दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी. ताईची बॅग धरायची, ताईची जर्नलं झेरॉक्स करायची, ताई गेटातून आत आली की चार लोकांदेखत मोठ्याने 'ताई, आपण आलात, कॉलेज उजळलं' असं म्हणायचं. पोरं फिदीफिदी हसत. फ्लेवियाला त्याचं काही वाटलं नाही. उलट कुणाला तरी ताई म्हणून हाक मारायला मिळते आहे, याचंच तिला अप्रूप होतं. मधुवंतीही चांगली होती. बॅग धरायला देई आणि चार पावलांवर परत घेई.

खरी परीक्षा त्याच्यापुढे. तिला 'घरचं माणूस' म्हणत.

मंडळ काढलं तेव्हाच्या मुलींनी ही रीत चांगल्या मनाने घातली असणार. नव्या मुलीने सगळ्यांपुढे उभं राहून आपल्या घरचं एक माणूस दाखवायचं, त्याच्यासारखं बोलून, त्याच्यासारखं वागून. म्हणजे तुझं माणूस ते आमचंही झालं, असा त्यातला भाव. पण चांगल्या मनाने घातलेल्या रीतीही माणसांच्याच हाती पडतात. वर्षं गेली, भाव गेला, आणि उरलं ते हे की जिच्यावर खोली हसली ती आत, जिच्यावर नाही हसली तिला 'पुढच्या वर्षी बघू हं.' हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. त्यामुळे तो बदलणंही कुणाला शक्य नव्हतं.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी कॉमन रूमचं दार लावून घेतलं गेलं. फोन एका पिशवीत गोळा केले. "इथलं बाहेर जात नाही, बाहेरचं इथे लपवायचं नाही," असं अपूर्वाने सांगितलं. अपूर्वा मंडळाची प्रमुख, बोरीवलीची, आवाज मऊ आणि नजर अशी की बोलणाऱ्याला आपोआप लवकर आटपावंसं वाटे.

आधी तेजल नावाची मुलगी उठली. तिने आपले वडील दाखवले. कामावरून घरी येतात, बूट काढतात, बूट सरळ लावून ठेवतात, आणि त्या बुटांकडे थोडा वेळ बघत बसतात. बस, एवढंच. कुणी हसलं नाही. खरं तर ते फार सुरेख होतं, पण खोलीत एक खोकला आला आणि अपूर्वा "थँक्यू गं" म्हणाली. तेजल जागेवर जाऊन बसली तेव्हा तिचा चेहरा पाहून फ्लेवियाने नजर काढून घेतली. मग रुचिराने कणकवलीचे आजोबा आणले, टीव्हीतल्या पुढाऱ्याशी भांडणारे, "मेल्या, माका शिकवतंस?" म्हणत रिमोट उगारणारे. खोली लोळली. आणि तिच्यानंतर फ्लेविया.

तिने फादर आणला. घरी हमखास चालणारा फादर, उपदेश करता करता स्वतःच जांभई देणारा. पण जिने कधी पाद्री पाहिलाच नाही तिला पाद्र्याची जांभई काय कळणार? दोघी-तिघी नुसत्या ओठांनी हसल्या. मधुवंती जरा जास्तच हसली, आणि त्यावरून फ्लेवियाने ओळखलं की वाट लागली.

"फ्लेविया, हा घरचा नाही ना गं," अपूर्वा म्हणाली. "घरचं दाखव. घरी कोण असतं तुझ्या?"

"आई."

"मग आई दाखव की यार."

आई. फ्लेवियाला आईचं काय दाखवावं ते सुचेना. शाळेच्या कॅन्टीनमध्ये पाव कापणारी आई? मग तिला सुचलं, आणि सुचलं तेव्हाच हेही कळलं की हे करू नये. तेवढा एक क्षण तिला मिळाला होता, हे नंतर तिने कधी नाकारलं नाही.

मार्सेलिनाच्या रडण्याबद्दल इथे सांगायला हवं. गावठाणात कुणी गेलं की शवपेटी मागाहून येई, फादर त्याहून मागाहून, पण मार्सेलिनाला बोलावणं आधी जाई. ती यायची, मयताच्या उशाशी बसायची, त्याच्या दंडावर हात ठेवायची आणि हेल काढून त्याच्याशी बोलायला लागायची. देवाबिवाचं काही नाही. तू माझी सुरी नेलीस ती परत नाही केलीस, तुझ्या सुनेला आता लोणचं कोण शिकवणार, असं. मेलेल्याशी भांडायची ती. आणि ते ऐकता ऐकता, तोवर दगडासारखी बसलेली घरची माणसं फुटायची. "मार्सेलिना नाय आली तर घर मोकला होत नाय," असं बाया म्हणत. याचे तिला कुणी पैसे दिले असते तर तिने ते तोंडावर फेकले असते. ती खोटं रडत नसे, आणि रडून झालं की उठून त्या घरची चूल बघत असे.

हर्बर्ट गेला तेव्हा तिला बोलावणं धाडावं लागलं नाही. फ्लेविया शेजारीच बसली होती. आईचा प्रत्येक शब्द तिने ऐकला, आणि तिचा गळा तर एकदा ऐकलेलं सोडायचा नाही.

कॉमन रूमच्या फरशीवर ती गुडघ्यांवर बसली. ओढणी डोक्यावर घेतली. समोर खुर्चीची एक उशी होती, तिच्यावर हात ठेवला.

"हर्बर्टऽ… बोंबलाचा आंबट केलाय रंऽ, तुजेच सांगन्यावर केलाय, आता कोन खायाचा रंऽ… इस्त्रीचा शर्ट आलाय, तो कोनाला घालू रंऽ… आनि कपाटाची चावी, हर्बर्टऽ, कपाटाची चावी कुटं ठेवलीस, तेवढा तरी सांगून जायाचास रंऽ…"

चावीला खोली कोसळली. रुचिरा पोट धरून आडवी झाली. अपूर्वासुद्धा, जी कधी दात दाखवत नसे, ती डोळे पुसत होती. "परत, परत, चावीचं परत," कुणीतरी म्हणालं, आणि फ्लेवियाने परत केलं. दुसऱ्या वेळी तिने हेल जरा लांबवला, कारण कुठे हसतात ते आता तिला कळलं होतं. हर्बर्ट म्हणजे आपले पपा, हे तिने कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही. आईचं एक विनोदी रडणं आहे, एवढंच त्यांना दिसलं.

त्याच आठवड्यात तिला टक्क्याची ओढणी मिळाली, पांढरी, पिवळ्या काठाची. तेजलला मिळाली नाही.

त्या दिवसांत फ्लेविया सुखात होती, खोटं कशाला सांगायचं. डबे उघडले की 'फ्लेव्ही, इकडे' अशी हाक येई. पंख्याखाली बसायला मिळे. फ्रेशर्सच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मधुवंतीने तिला मिळवून दिलं आणि माइक हातात आल्यावर समोरचा हॉल गप्प होतो, हे तिने पहिल्यांदा अनुभवलं. रोज संध्याकाळी घरी येऊन ती सगळं मार्सेलिनाला सांगे. एक संध्याकाळ तेवढी तिने वगळली होती.

पण मंडळात प्रवेशाची शेवटची पायरी राहिली होती, आणि ती पोरीच्या हातात नव्हती. गणपती होऊन गेले की टक्का नव्या मुलींच्या आयांना चहाला बोलावतो. आयांनी यायचं, पोरीने दाखवलेल्या घरच्या माणसाबद्दल सगळ्यांनी त्यांना विचारायचं, चहा-बिस्किटं, फोटो, झालं. फ्लेवियाने घरी सांगितलंच नाही. मधुवंतीनेच, आपुलकीने, घरचा नंबर शोधून मार्सेलिनाला फोन केला. "काकी, तुम्ही आलंच पाहिजे. आम्ही सगळ्या वाट बघतोय तुमची."

"बघ, वाट बघतान माजी," मार्सेलिना म्हणाली. लेकीच्या कॉलेजात तिला कुणी कधी बोलावलं नव्हतं. आदल्या दिवशी तिने मैदा भिजवला आणि सकाळी उठून फुगे तळले, लग्नाकार्यात करतात ते गोल, हलके. मोठा डबा भरला. फ्लेविया म्हणाली, "आई, आणायची गरज नाय तिकडे. बरं नसेल वाटत तर नको येऊस." "मना काय झालाय?" मार्सेलिना म्हणाली, आणि तिने निळी साडी काढली, कानातली मोठी काढली. फ्लेवियाने मनात म्हटलं, इथलं बाहेर जात नाही, अपूर्वानेच सांगितलंय. तिला हे कळलं नाही की त्यांच्या लेखी मार्सेलिना आता बाहेरची नव्हतीच. रीतीचा अर्थच तो होता.

कॉमन रूममध्ये आया ओळीने बसल्या होत्या. फुग्यांचा डबा फिरला, वाहवा झाली. मार्सेलिना सगळ्यांशी बोलत होती, कुणाला पीठ किती वेळ ठेवायचं ते सांगत होती. मुली तिच्याभोवती गोळा झाल्या. त्यांना ती खरंच आवडली होती. एवढे दिवस आवडतच होती. फ्लेविया किटलीपाशी उभी होती, कप धरून.

"काकी, एक विचारू?" रुचिरा म्हणाली. "मला तर झोप नाही लागत त्याच्याशिवाय. कपाटाची चावी सापडली का हो शेवटी?"

मुली हसल्या. दोघींनी तर "चावी कुटं ठेवलीस रंऽ" असा हेलही काढला, अगदी फ्लेवियासारखा. मार्सेलिनाही हसली, कारण समोरचे हसले की ती हसायची. मग तिचं हसणं चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे तेवढे फ्लेवियाकडे वळले. फ्लेवियाने कपात बघितलं.

"नाय सापडली, बाय," मार्सेलिना म्हणाली. "त्याचे कोटात राहिली आसंल. त्या कोटातच पुरला ना त्याला. मंग आमी कपाट फोडून घेतला."

एक आई "अरे देवा" असं हळूच म्हणाली. रुचिराच्या तोंडातला फुगा तोंडातच राहिला. मधुवंती फ्लेवियाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. "फ्लेविया, ते खरं होतं?" असं काहीतरी तिने विचारलं. उत्तर मार्सेलिनानेच दिलं. "खा गो, खा. थंड झाल्यावर वातड होतात," असं म्हणून तिने डबा पुढे सरकवला. फोटोलाही ती उभी राहिली. फोटोत ती मधोमध आहे आणि हसते आहे.

घरी येताना दोघी रिक्षात बसल्या. फ्लेवियाने आईचा हात धरला. आईने तो सोडवून घेतला नाही आणि धरलाही नाही. घरी आल्यावर मार्सेलिनाने साडी बदलली, कानातलं काढून ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली.

"कर," ती म्हणाली.

"काय?"

"माजा. मना बघू दे. सगल्यांनी बघितला, मीच नाय बघितला."

"आई, नको ना."

"अगो, फादरचा करतेस, पाववाल्याचा करतेस, मी हसते ना? मंग माजा कर. मी कशी रडते ता बघते."

फ्लेविया रडायला लागली. सॉरी म्हणाली, पुन्हा पुन्हा म्हणाली. त्या पोरींना काय माहीत, मी पण किती मूर्ख, मला फक्त त्यांनी घ्यावं असं वाटत होतं. सगळं खरं होतं. मार्सेलिनाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि ती पीठ मळायला उठली. "तुला मैत्रिनी मिळाल्या ना? बरा झाला," ती म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता, हेच फ्लेवियाला सोसलं नाही. तुला शोभतं का, असं ओरडली असती, एक थोबाडीत ठेवून दिली असती, तर पोरीची सुटका झाली असती.

मंडळ मात्र फ्लेवियाने सोडलं नाही. सोडावं असं तिला वाटलंही नाही, हेही सांगायला हवं. पोरी तिच्याशी आता अधिकच जपून वागत. चावीचं नाव कुणी काढत नसे. जेवताना घरी आता नक्कल होत नव्हती. मार्सेलिना मागत नव्हती आणि फ्लेविया आपण होऊन करत नव्हती. टीव्ही लावून दोघी जेवत.

दिवाळीच्या सुट्टीत समोरच्या घरातली जेनेव्हिव्ह गेली. जेनेव्हिव्ह म्हणजे मार्सेलिनाची लहानपणापासूनची सोबतीण. दोघी एका विहिरीवर धुणी धुवून मोठ्या झाल्या, एकाच वर्षी लग्नं झाली, नवरे पाठोपाठ गेले. शेवटचे महिने जेनेव्हिव्हला भरवलं ते मार्सेलिनाने. सकाळी तिचा मुलगा वेन धावत आला. "मावशी, मम्मी…" एवढंच बोलला. मार्सेलिना कप खाली ठेवून लगेच निघाली. फ्लेविया मागोमाग गेली.

बाया जमल्या होत्या. मार्सेलिनासाठी उशाशी जागा सोडलेली होती, नेहमीसारखी. ती तिथे बसली. जेनेव्हिव्हच्या दंडावर तिने हात ठेवला.

मार्सेलिना बोलली नाही.

ती जेनेव्हिव्हचा हात चोळत राहिली, ऊब आणायची असावी तसा. डोळे गळत होते, पण तोंड मिटलेलं होतं. पदराचा बोळा तिने दातांत धरला होता. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. वेन भिंतीला टेकून उभा होता, एअरपोर्टच्या कामावरचा शर्ट तसाच अंगात, आणि त्याला काही केल्या रडू येत नव्हतं. पेटी आली. अंगणात ती ठेवल्याचा आवाज झाला.

"मावशी," वेन म्हणाला, "मम्मीला अशीच नेऊ? तू काय बोलनार नाय तिला?"

"माजा घसा बसलाय, बाबा," मार्सेलिना म्हणाली.

घसा बसलेला नव्हता. सकाळीच तिने बोंबीलवालीला खिडकीतून खणखणीत हाक मारली होती. फ्लेविया हे जाणून होती आणि तिथे ते जाणणारी ती एकटीच होती. दातांत धरलेला तो पदर आपल्यासाठी आहे, हे तिला असं लख्ख कळलं की तिला उठून पळून जावंसं वाटलं. आई आता रडायला तोंड उघडणार नाही. उघडलं तर कसं दिसतं, ते तिला सांगितलं गेलं आहे.

तेवढ्यात कुणीतरी फ्लेवियाला पुढे ढकललं. "आयचा घसा बसलाय तर तू बस गो. तू तिचीच पोर ना? येतंय तुला." दुसरी म्हणाली, "बस, बाय, वेनकडे बघ जरा." मार्सेलिना सरकली आणि तिने जागा करून दिली.

फ्लेविया गुडघ्यांवर बसली. जेनी मावशीच्या मांडीवर ती वाढली होती. रडू तिला आतून, पोटातून येत होतं, त्यात काही खोटं नव्हतं. तिने स्वतःच्या आवाजात रडायचा प्रयत्न केला. नुसते हुंदके आले. त्यांच्या पुढचा आवाज तिच्याकडे नव्हता. मेलेल्याशी कसं बोलायचं ते तिने एकाच गळ्यातून ऐकलं होतं.

"जेनीऽ," ती म्हणाली, आणि तो मार्सेलिनाचा आवाज होता. तोच कंप, तोच 'रं'च्या जागी लांबवलेला 'गो', श्वास घ्यायची तीच जागा. "जेनीऽ, विहिरीवरचा धोंडा आता कोनाला ठेवलास गोऽ… वेनला डबा कोन देयाचा गोऽ… माज्या आयला एकटी टाकलीस गोऽ…"

बाया फुटल्या. वेन भिंतीवरून घसरत खाली बसला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून मोठ्याने रडला. खोली दणाणून गेली. आजवर कुठल्याही खोलीने फ्लेवियाला एवढी दाद दिली नव्हती. तिने मान वळवून आईकडे पाहिलं. मार्सेलिना भिंतीशी बसून तिच्याकडे बघत होती, एकटक, मान जराशी कलती करून. ती बघत होती, आपण स्वतः कसं रडतो ते.

पुरून परत यायला दुपार झाली. बायांनी फ्लेवियाच्या गालावरून हात फिरवले. "आयसारखा, आयसारखाच," म्हणाल्या. वेनने तिला मिठी मारली. मार्सेलिना जेनेव्हिव्हच्या स्वयंपाकघरात जाऊन पेज शिजवून आली होती. मग दोघी मायलेकी गल्ली ओलांडून आपल्या दाराशी आल्या. मार्सेलिनाने कुलूप काढलं.

"बरा केलास," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "वेन मोकला झाला. आता कोन बोलवाया आला तर तुलाच पाटवन."

"आई—"

"माजे वेलेला मात्र नको करू हां, बाय. मना तशीच ने."

तिने चपला काढल्या, आत जाऊन दिवा लावला, आणि बोंबलाचं कालवण उरलं आहे, तेच गरम करू का, असं विचारलं.